गॅलरीतली दुर्बीणबाय

दुर्बीण डोळ्यांवरून खाली न घेता भांडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. माणूस भांडतो तेव्हा समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. ही बघायची माझ्या डोक्यावरून, मागच्या शेवग्याकडे. तोंड माझ्याशी चालू आणि डोळे पाखरावर. मी ऐन रंगात आलेलो असताना मध्येच हात वर करून मला थांबवायची. "एक मिनिट. बसलाय." मग कोण बसलाय ते बघून झालं की जिथे सोडलं तिथून भांडण पुन्हा सुरू. तिचा धागा तुटायचा नाही. मी मात्र काय बोलत होतो तेच विसरलेला असायचो.

गावात तिला दुर्बीणबाय म्हणत. ती गेली तेव्हा त्यांच्या सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, मायाळू आणि पक्षिप्रेमी. माझी सून रिटा हिने मला ते वाचून दाखवलं. मला वाचता येतं, तिसरीपर्यंत शाळेत गेलोय, पण वाचायचा चष्मा तेव्हा घरी होता. पक्षिप्रेमी हे ठीक. मायाळू ज्याने लिहिलं तो त्या बाईशी उभ्या जन्मात पाच मिनिटं बोललेला नसणार. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण खोटं कशाला बोलावं? खरं काय ते मला माहीत आहे, म्हणून मी लिहितो.

वटार गावात आमची वाडी आहे. केळी, नारळ, थोडी जाई, आणि मध्ये बावखल, म्हणजे शिंपण्यासाठी आमच्या आज्या-पणज्यांनी खणलेलं तळं. शेजारची वाडी भावकीतल्याने विकली आणि तिथे चार मजल्यांची बिल्डिंग उभी राहिली. तिच्या पहिल्या मजल्याची एक गॅलरी थेट आमच्या अंगणावर आली. इतकी जवळ, की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमच्या घरात ऐकू याव्यात. त्या गॅलरीत ही राहायला आली. मूळची गिरगावची. नवरा वारलेला, मुलगा अंधेरीला नोकरीला. स्वतः आयुष्यभर टेलिफोनच्या कचेरीत बोलून रिटायर झालेली. त्यामुळे आवाज असा कमावलेला, की ओरडायची गरजच नाही. हळू बोलली तरी बावखलापलीकडच्या माणसाला शब्द न् शब्द कळायचा. माझी अब्रू तिने नेहमी हळू आवाजातच काढली.

पहिली सकाळ मला आठवते. पाऊस नुकता सरला होता, दिवाळीला वेळ होता. आमच्या घरच्या बाया विहिरीवर कपडे धूत होत्या आणि मी वर बघतो तर ही दुर्बीण लावून उभी. मी विचारलं, ओ गॅलरी, लोकांच्या घरात काय बघताय? तिने दुर्बीण हलवली नाही. म्हणाली, "तुमच्या घरात बघण्यासारखं काही नाही. शेवग्यावर हळद्या आलाय. आता हलू नका."

हलू नका. माझ्या अंगणात, माझ्या बापाने लावलेल्या शेवग्याखाली, मला. मी तोंडाला येईल ते बोललो. पण हललो नाही, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. हळद्या उडून गेल्यावर तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा प्यायला आत गेली. आभार मानण्याची पद्धत तिच्याकडे नव्हती.

दुसरी खोड म्हणजे समोरच्याचा शब्द सुधारणं. मी नातवंडांना सांगितलं की ती काळी चिमणी बघा, की वरून यायचं, "दयाळ." मी म्हणालो कोंबडी शिरली अळवात, की वरून, "पाणकोंबडी." मी आमच्या माणसांशी बोलतोय, तुम्हाला कोणी विचारलं, असं मी कितीदा सांगितलं. ती म्हणायची, "चुकीचं ऐकलं की मला राहवत नाही. टेलिफोनवरसुद्धा राहायचं नाही." मी म्हणालो, म्हणूनच लोकांनी मोबाइल घेतले. त्यावर ती दुर्बीण पुसत आत गेली. तेवढं एक भांडण मी जिंकलो असं धरून चालतो.

पाखरं मला तिने शिकवायची गरज नव्हती. मी पाखरांच्या मागे दगड घेऊन वाढलेला माणूस आहे. नावं मला येत नसतील, पण प्रत्येकाचं तोंड मी ओळखतो. केळ्यावर बारीक भोक पडलेलं असलं आणि बाकी केळं शाबूत, तर तो बुलबुल. अर्धं खाल्लेलं आणि आजूबाजूला सांडलवंड, तर साळुंक्या, त्या खाताना पण भांडतात. केळंच नाही, तर कावळा. तिने पाखरं डोळ्याला गोड लागतात म्हणून बघितली. मी बघितली ती हाकलायला. सांगा, जास्त लक्ष देऊन कोण बघत असेल?

आमचा धंदा सुकेळ्यांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. राजेळी केळं पिकवायचं, सोलायचं आणि बांबूच्या मांडवावर उन्हात मांडायचं. दिवसातून दोनदा परतायचं. ऊन उतरलं की एकेक गोळा करून, केळीच्या सुक्या सोपटात गुंडाळून आत न्यायचं. सकाळी पुन्हा बाहेर. आठवडाभर असं केलं की केळं मधासारखं लाल होतं आणि वर्षभर टिकतं. पहिला घाणा, म्हणजे एका खेपेला वाळवलेली केळी, नाताळच्या आधी तयार व्हावा लागतो, कारण आम्हा ख्रिस्तांवांच्या घरी नाताळला सुकेळं लागतंच. पूर्वी प्रत्येक वाडीत मांडव असायचा. आता आमच्या आळीत माझा एकटा उरला आहे.

यात सगळा खेळ सुरुवातीच्या दिवसाचा आहे. मांडव लवकर मांडला आणि परतीचा पाऊस मागे वळला, तर सगळं केळं काळं पडून त्याला केस येतात. उशीर केला तर नाताळ हुकतो. माझा बाप कॅलेंडर बघायचा नाही. तो बघायचा पांढरा धोबी. चिमणीएवढा पक्षी, काळा-पांढरा, जमिनीवर तुरुतुरु चालतो आणि सारखी शेपटी आपटतो, धोब्याने दगडावर कपडा आपटावा तशी. पावसाळाभर तो इथे नसतो. सकाळचा जमिनीकडचा कोरडा वारा सुटला की कुठून तरी येतो आणि थंडीभर आमच्या विहिरीच्या थारोळ्यापाशी, म्हणजे सांडलेलं पाणी साचतं तिथे, राहतो. बाप आमच्या घरच्या बोलीत सांगायचा, इथे साधं करून लिहितो: धोब्याने अंगणात पाय ठेवला की तिसऱ्या दिवशी केळं सोल. त्याने ते कधी चुकवलं नाही आणि त्याच्यामागे मीही बरीच वर्षं चुकवलं नाही. दर वर्षी त्या दिवसांत मी विहिरीपाशी बाज टाकून बसायचो, सकाळभर. दुर्बीणबायला हे रिटाकडून कळलं. दोघी भाजीवालीकडे भेटायच्या आणि रिटाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आता कावळ्याची गोष्ट सांगतो, कारण खरं वैर तिथून सुरू झालं. मांडवावर कावळे पडू नयेत म्हणून आमच्याकडे एक रिवाज आहे. मेलेला कावळा कुठे सापडला की त्याला काठीला उलटा बांधून मांडवावर टांगायचा. बाकीचे कावळे चार घटका वर ओरडतात आणि मग त्या बाजूला फिरकत नाहीत. कावळा मारायचा नाही, सापडलेलाच लावायचा. त्या वर्षी रस्त्यावर तारेला चिकटून मेलेला एक मिळाला, तो मी लावला. तिसऱ्या दिवशी वनखात्याच्या कचेरीतून दोन माणसं मोटारसायकलवर आली. तक्रार होती. त्यांनी मला सरळ विचारलं, आजोबा, पक्षी मारून टांगता का? सगळी आळी कुंपणाशी जमली. मी सांगितलं की मेलेलाच होता. त्यांनी ऐकून घेतलं, पण काढायला लावला, तिथेच, त्यांच्यासमोर. मी शिडीवर चढून माझ्याच मांडवावरचा कावळा सोडवत होतो आणि समोर गॅलरीत ती उभी होती.

मी खाली उतरून विचारलं, हे तुमचंच काम ना? ती लपवणारी नव्हती. "माझंच. रोज सकाळी उठून मला ते प्रेत बघायचं नाही." मी म्हणालो, मग बघू नका, गॅलरीत तोंड फिरवून बसा. ती म्हणाली, तोंड फिरवलं तर बिल्डिंगचा संडासाचा पाइप दिसतो.

दुसऱ्याच दिवशी मी आगाशीहून हिरवी जाळी आणली, रोपवाटिकेवर घालतात ती, आणि चार बांबू रोवून तिच्या गॅलरीच्या समोर भिंतीसारखी उभी केली. माझी जागा, माझी जाळी. दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी आवाज आकाशातून आला. बाई गच्चीवर चढली होती. "अहो वाडीवाले, तुमच्या जाळीवर खाटीक पक्षी बसतो आता. छान मोक्याची जागा झाली त्याला. थँक्यू." जन्मात एकदाच तिने माझे आभार मानले, तेही असे. पुढे ती गॅलरीतच, जाळीच्या एका टोकाला एवढीशी फट होती तिथे, स्टूल टाकून बसू लागली. त्या फटीतून विहीर दिसायची. मी फट बुजवायची म्हणत राहिलो आणि राहून गेलं.

याच दिवसांत माझे डोळे गेले. एकदम नाही. आधी सगळ्यावर दुधाची साय आल्यासारखं झालं, मग साय घट्ट झाली. मी कोणाला सांगितलं नाही. घरात चालताना अडखळत नव्हतो, कारण घर पायांना पाठ आहे. केळं पिकलं की नाही ते बोटांना कळतं. कळत नव्हतं ते फक्त एकच, विहिरीपाशी काय हलतंय ते.

त्या वर्षी मी बाजेवर बसलो होतो. नवरात्र नुकतं संपलं होतं. थारोळ्यापाशी काहीतरी तुरुतुरु चाललं, थांबलं, शेपटी आपटली. मी तिथूनच रिटाला हाक मारली की धोबी आला, राजेळीचे घड उतरवायला सांग. तेवढ्यात फटीतून आवाज आला.

"अहो वाडीवाले, हा तो नव्हे. याचं पोट पिवळं आहे. हा करडा धोबी, हा आधीच येतो. पांढरा अजून आलेला नाही."

खरं सांगायचं तर बापानेही मला एकदा सांगितलं होतं की पिवळ्या पोटाच्यावर विश्वास ठेवू नको. पण ते मला त्या वेळी आठवलं नाही. मला आठवला तो शिडीवरचा कावळा. मी सांगितलं, माझ्या अंगणातला पक्षी मला शिकवू नका. ती म्हणाली, नीट बघा तरी. मी म्हणालो, दिसतंय मला. सगळ्या घरासमोर बोललेला शब्द मग मागे घेता येत नाही.

तिसऱ्या दिवशी केळी सोलली. दोन दिवस कडक ऊन पडलं आणि मी तिच्या फटीसमोरून मुद्दाम दोनदा चाललो. तिसऱ्या दुपारी दक्षिणेकडून अंधारून आलं. आम्ही धावून धावून केळी आत नेली, पण अर्धी भिजलीच, आणि पाऊस चार दिवस उघडला नाही. आत ठेवलेल्यांना वास आला, मग बुरशी आली. सगळा घाणा, एकूण एक केळं, केळीच्या बुंध्यांत पुरावा लागला. त्या नाताळला आमच्या घरून एकही सुकेळं गावात गेलं नाही. मिस्सा सुटल्यावर देवळाबाहेर लोक विचारायचे आणि मी म्हणायचो, यंदा केळंच बरं नव्हतं.

माझा मुलगा जास्त बोलत नाही. त्या दिवशी पाटीभर काळी केळी ओतून झाल्यावर तो म्हणाला, बाबा, पुढल्या वर्षी पण असं झालं तर मांडव बंद. सगळ्या घराची मेहनत मातीत जाते. मांडवाच्या जागेवर गाड्या उभ्या करायला द्यायच्या, बिल्डिंगवाले कधीपासून विचारतायत. मी म्हणालो, झालं तर बंद. शब्द दिला. दुसरं काय म्हणणार होतो? आणि त्याच वेळी, जाळीच्या फटीतून, त्या हळू आवाजात, जो सगळ्यांना ऐकू जातो, ती म्हणाली, "सांगितलं होतं. डोळे दाखवा कोणाला तरी."

मुलाने माझ्याकडे बघितलं. रिटाने माझ्याकडे बघितलं. जे मी दोन वर्षं लपवलं होतं ते त्या बाईने चार शब्दांत अंगणात मांडलं. मी डॉक्टरकडे गेलो नाही. ती म्हणाली नसती तर कदाचित गेलो असतो.

पुढलं वर्ष आलं. मी बाजेवर बसत होतो, कारण बसलो नसतो तर सगळ्यांना कळलं असतं. मला काही दिसत नव्हतं. उन्हात ऊन आणि सावलीत सावली, एवढंच. नवरात्र गेलं. एक दिवस विहिरीपाशी काहीतरी हललं, ते पान होतं की पाखरू हे मला सांगता आलं नसतं. मी रिटाला हाक मारली नाही. फटीतूनही कोणी बोललं नाही. बाई त्या वर्षी गप्पच होती आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

मग एके सकाळी जाळीच्या त्या टोकाला काहीतरी पांढरं दिसलं. मोठं, पांढरं, उन्हात झगझगीत. तेवढं मला दिसत होतं. मी रिटाला विचारलं, तिकडे काय आहे? ती म्हणाली, टॉवेल आहे बाबा, बाईंनी गॅलरीच्या कठड्यावर घातलाय. मी म्हणालो, त्यांची दोरी तर आत असते. रिटा म्हणाली, हो, आजच बाहेर घातलाय. आणि मग म्हणाली, एकदम पांढरा आहे.

मला काय समजायचं ते समजलं. मी तिचं ऐकलं असं होऊ नये म्हणून तिसऱ्याऐवजी चौथ्या दिवशी केळी सोलली. पाऊस आला नाही. घाणा बापाच्या वेळी व्हायचा तसा झाला, लाल, लवचिक, वरून साखर फुटलेली. मुलाने मांडव बंद करायची गोष्ट पुन्हा काढली नाही. टॉवेलबद्दल मी काही बोललो नाही आणि तिनेही कधी विषय काढला नाही. आमचं भांडण नेहमीसारखं चालू राहिलं, शेवग्याच्या फांदीवरून, पंपाच्या आवाजावरून, माझ्या खोकल्यावरून. खोकल्याने म्हणे तांबट उडतो.

फुकटचं घेणं आमच्या घरात नाही. म्हणून त्या नाताळला मी रिटाबरोबर सुकेळ्यांचं एक पुडकं तिच्याकडे पाठवलं. पाच मिनिटांत ते परत आलं. निरोप असा होता की कावळे टांगणाऱ्या माणसाच्या हातचं मला नको. मी ते पुडकं घेतलं, सोडलं आणि जाळीच्या बांबूवर, बरोबर तिच्या फटीसमोर, खिळ्याला अडकवलं. संध्याकाळपर्यंत बुलबुलांनी त्याचा चट्टामट्टा केला. रिटा सांगत होती की बाई सगळा वेळ दुर्बीण लावून बसून होती आणि मध्ये एकदा हसली. मला हसणं दिसलं नाही, त्यामुळे मी ते धरत नाही. पण पुढे दर नाताळला मी एक पुडकं त्या खिळ्याला अडकवायचो. पाखरांसाठी. तिच्याकडे पाठवायचा प्रश्नच नव्हता.

एकदाच आम्ही एका बाजूला होतो. तिच्या वरच्या मजल्यावरचे लोक कबुतरांना दाणे टाकू लागले आणि ती घाण खाली माझ्या मांडवावर पडू लागली. मी खालून ओरडलो. ती गॅलरीतून वर तोंड करून त्यांच्याशी भांडू लागली आणि मी मान्य करतो की काय भांडली. कबुतरांपासून सुरुवात करून त्यांच्या शिक्षणापर्यंत गेली. दाणे दुसऱ्या दिवसापासून बंद झाले. मी मध्ये एक वाक्य घातलं होतं, तिची बाजू घेऊन. ती म्हणाली, "तुम्ही मध्ये बोलू नका, मला उगाच कमीपणा येतो."

अशी चार वर्षं टॉवेल लागला. पाचव्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. रिटा बघून आली. म्हणाली, मुलाने खाट आतल्या खिडकीशी लावून दिली आहे, गॅलरीत येणं आता नाही. हात थरथरतो, दुर्बीण धरवत नाही. खिडकीतून काय दिसतं, असं मी विचारलं. रिटा म्हणाली, तुमची हिरवी जाळी दिसते बाबा, दुसरं काय दिसणार?

तिसऱ्या दिवशी मुलाला म्हणालो, मला विरारला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन चल. तो म्हणाला, आता कसं सुचलं? मी सांगितलं, पुढल्या महिन्यात मांडव आहे आणि टॉवेल घालायला आता कोणी नाही, मग बघणार कोण? हे कारण खरं आहे आणि एवढंच आहे. गावात सांगितलं की रिटाने जबरदस्ती केली.

पट्टी सुटली आणि मी घरी आलो तेव्हा पहिलं काय दिसलं असेल तर माझीच वाडी किती कचऱ्याने भरली आहे ते. मग बाजेवर बसलो. नवरात्रानंतर एक धोबी आला. पोट पिवळं, हळदीसारखं, लांबून दिसणारं. इतकं पिवळं, की माझी मला लाज वाटली. मी त्याला तसंच नाचू दिलं. मग बऱ्याच दिवसांनी, दिवाळीच्या दोन दिवस आधी, सकाळी अंगणात दव पडलेलं असताना दुसरा आला. तोंड पांढरं, छातीवर काळी चंद्रकोर. थारोळ्याला एक फेरी घातली आणि शेपटी आपटू लागला, जसा काही मधली वर्षं गेलीच नाहीत.

मी उठलो, विळा घेतला आणि जाळीच्या दोऱ्या कापल्या. मुलगा विचारत होता की काय करताय. मी म्हणालो, कुजली आहे, पडेल कोणाच्या अंगावर. कुजली नव्हती. जाळी खाली आली. मग खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मांडवाच्या सगळ्यात उंच बांबूला बांधला, तिच्या खिडकीकडे तोंड करून.

खिडकीत उशीवर एक डोकं होतं. एवढंसं. पांढरे केस बारीक कापलेले, नाक लांब, गाल बसलेले. इतकी वर्षं जिच्याशी भांडलो ती बाई अशी दिसते हे मला तेव्हा कळलं. आधी दुर्बीण मध्ये होती, मग माझ्या डोळ्यांवरची साय. ती बघत होती, नुसत्या डोळ्यांनी. मला वाटतं टॉवेलकडे, किंवा विहिरीकडे असेल. मी मान हलवली नाही. तिनेही नाही.

दुपारी रिटा तिला पेज देऊन आली. मी विचारलं नाही, पण ती माझ्यासमोर उभीच राहिली.

"बाईंनी निरोप दिलाय बाबा," ती म्हणाली. "टॉवेल मळका आहे, सांग त्यांना."

मी तो संध्याकाळपर्यंत काढला नाही. रागाने काढला नाही. पहिला घाणा सोपटात बांधून होण्याआधीच ती गेली. न्यायला गाडी आली तेव्हा मी आमच्या कुंपणापाशी उभा होतो, आत गेलो नाही. तिने मला बोलावलं नव्हतं आणि मी कधी तिच्या घरी गेलेलो नाही. रिटा रडली. मला राग आला होता, कारण टॉवेलवरून मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

यंदा त्या गॅलरीत नवे लोक आले आहेत. कठड्याला काचा लावल्या आहेत, आत थंड हवेचं मशीन आहे, बाहेर कोणी उभं राहत नाही. पांढरा धोबी गेल्या आठवड्यात आला. रिटाने न सांगता टॉवेल धुऊन, नीळ घालून ठेवला होता. मी तो बांबूला बांधला. दुसऱ्या दिवशी नव्या लोकांचा निरोप आला की अंकलना सांगा, आमच्या खिडकीसमोर कपडे वाळत घालू नका, बरं दिसत नाही.

मी रिटाला सांगितलं, वाडी माझी आहे, टॉवेल तिथेच राहील, थंडी संपेपर्यंत. आणि म्हणावं, काच उघडून एकदा नीट बघा. स्वच्छ आहे.